जिराफाचं कूळ : मान बाजूला ठेवून बघूया का?

रानवाट_सत्तरी (धागालेखक)

जिराफ म्हटलं की गप्पा मानेपासून सुरू होतात आणि मानेवरच संपतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. लांब मान हे जिराफ-कुळाचं लक्षणच नव्हे, ते एका शाखेचं प्रकरण. कूळ ओळखायचं तर दात बघा, शिंगं बघा, जीभ बघा, चाल बघा. शाळांमधून निसर्गाविषयी बोलायला जातो तेव्हा हा विषय रंगात येतो न येतो तोच घंटा होते, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आज या कुळात दोनच वंश शिल्लक आहेत. एक जिराफ, दुसरा ओकापी. जिराफ सहाराच्या दक्षिणेकडच्या उघड्या, काटेरी झाडांच्या माळरानावरचा. ओकापी काँगोच्या ईशान्य कोपऱ्यातल्या इतुरीच्या दाट, ओल्या जंगलातला. दोघांचे पूर्वज साधारण १ कोटी १० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. एकाला लांबवर नजर टाकायला मोकळं रान, दुसऱ्याला चार पावलांपलीकडचं दिसत नाही अशी झाडी.

ओकापी बघितला नसेल त्यांच्यासाठी : खांद्यापाशी दीड मीटर उंच, वजन २०० ते ३५० किलो, अंग गडद तांबूस-तपकिरी, मखमली आणि हाताला तेलकट लागेल असं. मागच्या मांड्यांवर आणि पुढच्या पायांवर पांढरे आडवे पट्टे. मान जेमतेम. या पट्ट्यांनीच साहेबांना चकवलं. युगांडाचा ब्रिटिश कारभारी हॅरी जॉन्स्टन याने कातड्याचे पट्टे लंडनला धाडले, तेव्हा तिथल्या मंडळींनी हा घोड्याच्या गोतातला म्हणून त्याला नावही देऊन टाकलं. पुढे १९०१ मध्ये कवट्या पोहोचल्या, प्राणिशास्त्रज्ञ रे लँकेस्टरने त्या तपासल्या आणि हा जिराफाचा भाऊबंद असल्याचं जाहीर झालं. अर्थात जंगलातल्या मबुती लोकांना तो आधीपासून चांगला माहीत होता, ते त्याची शिकार करत.

आता दात. रवंथ करणाऱ्या इतर प्राण्यांप्रमाणे दोघांच्याही वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत. खालच्या जबड्यात मात्र सुळा आहे आणि तो टोकाशी दुभंगलेला, दोन पाळ्यांचा. हीच या कुळाची खरी ओळख. जमिनीतून निघालेल्या एखाद्या तुटक्या जबड्यात असा सुळा दिसला की जीवाश्म अभ्यासणारे लगेच सावध होतात.

शिंगांचं तर वेगळंच. आपल्या गव्याचं शिंग म्हणजे आत हाड आणि वर नखाच्या जातीच्या पदार्थाचं टोपण, ते जन्मभर टिकतं. सांबराचं निव्वळ हाड, ते दरवर्षी गळतं. जिराफाचं या दोन्हींत बसत नाही. त्याचं शिंग कायम कातडी-केसांनी झाकलेलं असतं आणि गळत नाही. पिल्लू जन्मतं तेव्हा ती नुसती कूर्चा असते, डोक्याला चिकटून आडवी पडलेली, कवटीला न जोडलेली. मागाहून तिचं हाड होतं आणि ते कवटीत मुरतं. जिराफात नर-मादी दोघांनाही शिंगं, ओकापीत फक्त नराला.

जीभ दोघांचीही लांब, गडद निळी-काळी आणि पकड असलेली. जिराफाची ४५ ते ५० सेंटीमीटर. ओकापी तर स्वतःचे कान जिभेने साफ करतो. जिराफाची जीभ काळी का, तर दिवसभर बाहेर असते, ऊन लागू नये म्हणून, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. ओकापीच्या जंगलात ऊन जमिनीपर्यंत येतच नाही, मग त्याची जीभ कशाला काळी?

आणि ज्याच्यासाठी मुख्यतः हा धागा काढला ते : हे कूळ आफ्रिकेपुरतं कधीच नव्हतं. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या टेकड्यांत ह्यू फाल्कनर आणि प्रॉबी कॉटली यांना एका राक्षसी प्राण्याचे अवशेष मिळाले आणि १८३६ मध्ये त्यांनी त्याला नाव दिलं शिवथेरियम. फाल्कनर सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख, कॉटली कालव्यांचा इंजिनिअर. खांद्यापाशी सव्वादोन मीटरच्या आसपास उंची, आखूड जाड मान, डोक्यावर दोन रुंद फाटे फुटलेली शिंगं आणि डोळ्यांवर आणखी दोन छोटी. २०१६ मध्ये हाडांवरून संगणकावर सांगाडा उभा करून वजन काढलं ते साडेबाराशे किलोच्या घरात आलं. खंबायतच्या आखातातल्या पिरम बेटावर मिळाला तो ब्रह्मथेरियम (१८४५). ब्रह्मदेशात सापडलेल्याला पुढे विष्णूचं नाव मिळालं, म्हणजे त्रिमूर्ती पुरी झाली. शिवाय शिवालिकमध्ये खऱ्या जिराफ वंशाचे अवशेषही आहेत. म्हणजे माळावर मान उंचावून पाला खाणारा जिराफ एके काळी भारतातही होता.

जाणकारांनी भर घालावी. चित्रं वगैरे टाकता आली तर उत्तम.

---

अबोली_फोंडा

वाचनखूण साठवली. ओकापीच्या जिभेचा मुद्दा एकदम पटला, असा विचार कधी केलाच नव्हता.

दोन शंका. जिराफ दिवसातून फक्त अर्धा तास झोपतो म्हणतात ते खरं का? आणि तो मुका असतो ना?

---

सुशेगाद

अर्धा तास झोप? दुपारी दीड ते चार शटर ओढणाऱ्या आमच्या गोंयात असला प्राणी एक दिवस टिकायचा नाही. पुढच्या प्रतिसादाच्या प्रतीक्षेत. :)

---

रानवाट_सत्तरी

अबोलीताई, अर्ध्या तासाची गोष्ट फार फिरते. प्राणिसंग्रहालयातल्या जिराफांवर रात्रभर नजर ठेवून १९९६ मध्ये जो अभ्यास झाला त्यात दिवसाला साडेचार तासांच्या आसपास झोप भरली, तीही तुकड्या-तुकड्यांत. गाढ झोपेत तो बसतो आणि मान मागे वळवून डोकं पाठीमागे टेकवतो. ती अवस्था मात्र काही मिनिटांचीच, कारण तसा बसलेला जिराफ उठेपर्यंत सिंह येऊन ठेपलेला असतो. रानात झोप याहून कमी असणार हे उघड आहे.

मुका नाही. व्हिएन्ना, बर्लिन आणि कोपनहेगन इथल्या प्राणिसंग्रहालयांत रात्रीचं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा खालच्या पट्टीतला गुणगुणण्याचा आवाज मिळाला, तो अभ्यास २०१५ चा. आई पिल्लाला हाक मारते, पिल्लू ओरडतं, नर खोकतो-फुरफुरतो. ओकापीची आई आणि पिल्लू तर माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या खालच्या स्वरात बोलतात. दाट झाडीत ते फायद्याचं, बिबट्याला पत्ता लागत नाही.

---

गुरांचा_डॉक्टर (डिचोली)

रानवाटबाब, उत्तम धागा. मान बाजूला ठेवा म्हणता, पण माझ्या धंद्यातल्या माणसाला ती ठेवता येत नाही. थोडं शरीरशास्त्र लिहितो.

मानेत मणके सातच, तुमच्या-माझ्या आणि गोठ्यातल्या म्हशीच्या मानेत असतात तेवढेच. फक्त एकेक मणका पाव मीटरहून मोठा. मानेच्या खालचा पहिला छातीचा मणकाही जरा मोकळा हलतो, त्यामुळे मान जिथून वळते ती जागा आणखी खाली सरकते.

खरी गंमत रक्तदाबाची. मेंदू हृदयापासून दोन मीटर वर. तिथवर रक्त चढवायचं तर हृदयाशी दाब आपल्या दुपटीच्या आसपास लागतो, २०० च्या वर. जिराफाचं हृदय अवाढव्य असतं असं जुन्या पुस्तकांत असायचं. प्रत्यक्षात ते साधारण ११-१२ किलोचं, म्हणजे शरीराच्या मानाने इतर जनावरांएवढंच. फरक आहे तो डाव्या कप्प्याच्या भिंतीत. ती पूर्ण वाढलेल्या नरात ८ सेंटीमीटरपर्यंत जाड होते.

आता हाच प्राणी पाणी प्यायला डोकं खाली घालतो तेव्हा? पाच मीटर वरचं डोकं काही क्षणांत जमिनीला. मानेच्या मोठ्या शिरेत झडपा असतात, त्या रक्त उलटं मेंदूकडे लोटू देत नाहीत. मेंदूच्या तळाशी बारीक धमन्यांचं जाळं असतं, ते दाबाचा धक्का पसरवतं. परत मान उचलताना भोवळ यायला हवी, तीही येत नाही.

आणि पाय. एवढ्या दाबाने पाय सुजून टम्म व्हायला हवेत. तुमच्याकडे पायाच्या शिरा फुगलेलं कोणी वयस्कर असेल तर डॉक्टर घट्ट मोजे घालायला देतात बघा, जिराफाला ते जन्मजात आहेत. नडगीवरची कातडी आणि खालचा पडदा इतका आवळलेला की द्रव बाहेर झिरपायला जागाच नाही.

२०२१ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी जिराफातला एफजीएफआरएल१ जनुकाचा प्रकार उंदरात घातला आणि मग उंदरांना रक्तदाब चढवणारं रसायन दिलं. साध्या उंदरांचा दाब चढला, यांचा फारसा नाही. हाडंही दाट निघाली. गोळ्या खाणाऱ्या आमच्या पिढीने जिराफाला मानायला हवं ते यासाठी.

अजून एक, स्वतः बघितलेलं. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात कठड्यापाशी उभं राहून जिराफाचं रवंथ बघत होतो. गोळा पोटातून वर निघतो तो कातडीखालून स्पष्ट दिसतो, मानेच्या डाव्या बाजूने एक फुगवटा सरसरत वर चढतो आणि जबडा लगेच हलायला लागतो. चावून झालं की तोच फुगवटा खाली जातो, थोडी उसंत, पुन्हा दुसरा. म्हशीतही हेच घडतं पण डोळ्याला पकडता येत नाही. बायको म्हणाली, म्हशी कमी पडल्या म्हणून इथे आलात का.

---

अबोली_फोंडा

डॉक्टर, शेवटच्या वाक्याला +१. :)

---

पेडण्याचो_नास्तिक

मान बाजूला ठेवायची तर उत्क्रांतीच बाजूला ठेवावी लागेल. उंच पाला मिळावा म्हणून मान लांब झाली, हा शाळेतला सिद्धांत आजही चालतो. त्यात नवीन काय?

---

रानवाट_सत्तरी

नास्तिकबाब, नवीन बरंच आहे. शाळेत लामार्क (१८०९) म्हणजे ताणून ताणून मान लांब झाली, आणि डार्विन म्हणजे ज्यांची लांब ते जगले, एवढं सांगून धडा संपतो. पण कोरड्या दिवसांत, नेमका पाला कमी असतो तेव्हा, जिराफ पुष्कळदा खांद्याच्या उंचीवर किंवा त्याखालीच चरतो. त्यावर बोट ठेवून १९९६ मध्ये सिमन्स आणि शीपर्स यांनी मांडलं की मान ही नरांच्या झुंजीसाठी वाढली. नर शेजारी-शेजारी उभे राहून मान फिरवून डोक्याचे घाव घालतात, ते त्यांनी पुढे केलं.

मग २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तपासलं तेव्हा उंचावरच्या फांदीवर जिराफाला एकेका घासाला जास्त पाला मिळतो असं दिसलं, कारण खालचा पाला छोट्या प्राण्यांनी कुरतडून ठेवलेला असतो. म्हणजे पुन्हा पाला. आणि २०२४ च्या एका मोजमापात तर शरीराच्या प्रमाणात मादीची मान नरापेक्षा लांब निघाली. झुंजीसाठीच असती तर उलट हवं होतं. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला जास्त पोषण लागतं, आत खोल झाडात डोकं खुपसून खायला मान लांब हवी, असा मोजणाऱ्यांचा तर्क.

माझा कल पाल्याकडे आहे, पण एका कारणावर सगळं टांगायला मी तयार नाही. उंचीचे इतरही फायदे असतात, सिंह लांबून दिसतो हा त्यातला एक. आणि मान लांबते तशी पायही लांबतात हे आपण विसरतो. ग्रीसमधल्या सामोस बेटावरचा, याच कुळातला नामशेष सामोथेरियम बघा. त्याची मान ओकापी आणि जिराफ यांच्या अगदी मधली. मान एका उडीत आली नाही.

---

पेडण्याचो_नास्तिक

मादीचं मोजमाप माहीत नव्हतं. पण प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांवरून रानातल्यांचं सांगणं मला नेहमीच संशयास्पद वाटतं, एवढं नोंदवून ठेवतो.

---

गुरांचा_डॉक्टर (डिचोली)

नास्तिकबाबांच्या खात्यात एक मुद्दा टाकतो, त्यांना आवडेल. स्वरयंत्राला जाणारी एक नस असते. मेंदूतून निघते, स्वरयंत्र हाताच्या अंतरावर, तरी ती तशीच खाली छातीत जाते, हृदयाजवळच्या मोठ्या धमनीला वळसा घालते आणि परत वर गळ्यात येते. माशांच्या काळात हा रस्ता सरळ होता, मान वाढत गेली तसा वळसा लांबत गेला. जिराफात ही नस ४ मीटरच्या वर भरते. बुद्धीने आराखडा काढणाऱ्या कुणीही असा रस्ता बांधला नसता.

---

सुशेगाद

डॉक्टर, आमच्याकडे बांधतात. पणजीत येऊन बघा.

---

बार्देसकार

आमच्या घरात जिराफाच्या शेपटीच्या केसांचं कंकण आहे. आजोबा नैरोबीला रेल्वेत कारकून होते, तेव्हाच्या पिढीत आमच्या गावातली निम्मी पुरुषमाणसं आफ्रिकेत, तिथून आलेलं. दोन-तीन केस एकत्र घेऊन वळवलेले, आणि दोन गाठी अशा की ओढल्या की कंकण लहान-मोठं होतं. एकेक केस जाड, काळा, गुळगुळीत. वाकवला की सरळ व्हायला बघतो. इतक्या वर्षांत एकही तुटलेला नाही. आजी म्हणायची नशीब उघडतं. आमचं उघडलं की नाही माहीत नाही, पण दमट हवेत चांदी काळी पडली आणि हे तसंच राहिलं.

हे केस माश्या हाकायला असतात ना? आणि आजोबा सांगायचे की म्हाताऱ्या नराचा वास लांबवरून येतो. आम्ही हसायचो.

---

रानवाट_सत्तरी

बार्देसकारबाब, आजोबांचं अगदी बरोबर. २००२ च्या आसपास जिराफाच्या केसांतली रसायनं तपासली गेली. त्यात इंडोल आणि तिसऱ्या स्थानी मिथाइल लागलेलं इंडोल मिळालं, विष्ठेला जो वास येतो त्याला कारण असलेली तीच ही मंडळी. बाकीची काही गोचिडांना दूर ठेवणारी आणि जंतू-बुरशी मारणारी. ओकापीच्या अंगावरचं तेलही पावसात कातडी कोरडी ठेवतं, आणि पायांच्या ग्रंथींतून डांबराच्या रंगाचा चिकट स्राव निघतो, त्याने तो आपली हद्द आखतो.

केस माश्या हाकायलाच. कंकण मात्र जपून ठेवा आणि विकायला काढू नका. जिराफ २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार करार सायटिसच्या दुसऱ्या यादीत आहे, त्यामुळे त्याचे अवयव देशाबाहेर न्यायचे-आणायचे तर कागदपत्रं लागतात.

---

मठग्रामस्थ

इतिहासाच्या बाजूने भर.

कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या जोत्यावर, १३ व्या शतकातलं, हत्तीवर बसलेला राजा आणि त्याच्यासमोर माणसांनी आणलेला जिराफ असं कोरीव काम आहे. गाईड लोक न चुकता दाखवतात. समुद्रावरून व्यापार चालायचा, त्यात जनावरंही यायची-जायची हे त्यावरून कळतं.

१४१४ मध्ये बंगालच्या सुलतानाने चीनच्या मिंग बादशहाला जिराफ नजर केला. तो मूळचा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा. पुढच्याच वर्षी तिथल्या मालिंदी बंदराच्या वकिलातीने आणखी एक नेला. चिनी दरबारात तो पुराणातला शुभ प्राणी किलिन म्हणून मिरवला, चित्रही काढलं गेलं. आणि हेच मालिंदी ते, जिथून वास्को द गामाने १४९८ मध्ये वाटाड्या घेऊन कालिकतचा रस्ता धरला. गोव्याच्या इतिहासाची पुस्तकं त्या बंदराचं नाव घेतात ती गामापुरती, त्याच्या ८३ वर्षं आधी तिथून जिराफ जहाजावर चढला होता हे कोणी सांगत नाही.

अंगोला आपल्याप्रमाणेच पोर्तुगीजांकडे होता. तिथल्या दीर्घ यादवीत जिराफ जवळजवळ संपले. २०२३ मध्ये शेजारच्या नामिबियातून १४ जिराफ ट्रकने आणून तिथल्या इओना राष्ट्रीय उद्यानात सोडले.

---

म्हापशे_बाजार

एवढं सगळं आहे तर आपल्या बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात एक जिराफाची जोडी का आणत नाहीत? पर्यटक समुद्रकिनाऱ्यावरून थोडे तरी आत वळतील. आमदारसाहेबांच्या कानावर घालायला हवं.

---

गुरांचा_डॉक्टर (डिचोली)

कृपा करून घालू नका.

बोंडला डोंगरातलं, ओलं, दाट झाडीचं. आपल्याकडे वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जिराफाला कोरडी, कडक जमीन हवी. सतत ओल्या मऊ जमिनीवर खूर झिजत नाहीत, वेडेवाकडे वाढतात, मग पायांचे सांधे जातात. एवढ्या जनावराचे खूर कापायचे म्हणजे काय काम असतं ते मला विचारा. गुंगीचं इंजेक्शन द्यावं तर पडताना मान मोडायची भीती, शिवाय गुंगीत दाबाचं सगळं तंत्र बिघडतं.

खाण्याचंही तसंच. जिराफ पाला खाणारा, गवत खाणारा नव्हे. मोठा नर दिवसाला ३० किलोच्या पुढे ओला पाला फस्त करतो, तोही निवडून. नुसता सुका चारा टाकला तर वाळत जातो. म्हैसूरची हवा कोरडी, तिथे पिल्लंही होतात. बोंडल्याला गवे आहेत, ते आपले राज्यप्राणी, त्यांच्याकडे नीट बघा.

---

म्हापशे_बाजार

मग ओकापी? त्याला दाट ओलं जंगल आवडतं असं वरच म्हटलंय.

---

रानवाट_सत्तरी

प्रश्न चांगला आहे. पण इतुरीचा पाऊस वर्षभर विखुरलेला, आपल्यासारखा कोंबलेला नाही, आणि मे महिन्यात वाळून जाणारं रानही तिथे नाही. ओकापी शंभराहून जास्त प्रकारच्या झाडांचा पाला खातो, त्यातली काही माणसाला विषारी. मधूनमधून वीज पडून जळालेल्या झाडाचा कोळसा आणि नदीकाठची खारट माती खातो, बहुधा त्याच विषावर उतारा म्हणून. एकटा राहतो, लाजाळू, जरा गोंधळ झाला की खाणं सोडतो. पिल्लू तर जन्मल्यावर झाडीत एका जागी लपून बसतं आणि महिना-दीड महिना विष्ठाच करत नाही, म्हणजे बिबट्याला वास लागू नये. असलं जनावर पर्यटकांच्या गर्दीसमोर ठेवायचं?

आणि मुळात काँगोतच त्याची परवड चालू आहे. इतुरीत ओकापी अभयारण्य १९९२ मध्ये झालं, १९९६ ला जागतिक वारसा यादीत आलं. जून २०१२ मध्ये एपुलूच्या केंद्रावर शिकारी-बंडखोरांच्या टोळीने हल्ला केला, माणसं मारली आणि केंद्रात सांभाळलेले सगळे १४ ओकापी मारले. सोन्याच्या खाणी, हस्तिदंत आणि बंदुका, असा तिथला हिशोब. पुढच्याच वर्षी ओकापी धोक्यातल्या प्राण्यांच्या वर्गात गेला. खाणीने रान कसं जातं हे डिचोली-सत्तरीच्या माणसाला वेगळं समजवायला नको. आपल्याकडे निदान बंदुका नव्हत्या.

जिराफांचं थोडं बरं आहे, पण सगळीकडे नाही. १९८५ च्या आसपास दीड लाखाच्या वर होते, २०१५ मध्ये लाखाच्या आत आले. त्यानंतरच्या मोजणीत आकडा १ लाख १७ हजारांपर्यंत दिसला, त्यात काही खरी वाढ आणि काही मोजणी सुधारल्याचा परिणाम. २०१६ मध्ये जनुकांवरून कळलं की जिराफ एक नव्हे, चार जाती आहेत : उत्तरेचा, जाळीदार, मसाई आणि दक्षिणेचा. २०२५ मध्ये आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेनेही हे चार मान्य केले. कागदी घोळ वाटेल, पण उत्तरेचा जिराफ थोडाच उरलाय हे आतापर्यंत दक्षिणेच्या भरपूर आकड्याखाली झाकलं जात होतं. नायजर देशात १९९० च्या दशकात पन्नासच्या आत उरले होते, आज सहाशेच्या वर आहेत, आणि कुंपणाच्या आत नाहीत, गावांच्या शेतांमधून फिरतात. लोकांनी मारायचं थांबवलं आणि सरकारने गावांना पर्यटनाच्या पैशात वाटा दिला, एवढ्याने झालं.

---

अबोली_फोंडा

भारतातले जिराफ आणि शिवथेरियम गेले कशाने? आणि आपल्या खाणींत कधी त्यांचं हाड मिळालं नाही का?

---

रानवाट_सत्तरी

अबोलीताई, दुसऱ्याचं आधी. गोव्यात मिळणं शक्यच नाही. आपला बहुतेक खडक दोन-अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा, तेव्हा सस्तन प्राणी सोडा, मासेही नव्हते. त्यावर जांभा, त्याच्या आम्लयुक्त मातीत हाड टिकत नाही. शिवालिकचं वेगळं. हिमालयातून नद्यांनी गाळ आणून टाकला, त्याखाली जनावरं दबत गेली आणि पुढे तीच जमीन वर उचलली गेली. बघायचंच असेल तर हिमाचलमध्ये सिरमौर जिल्ह्यात सुकेतीला जीवाश्म उद्यान आहे. तिथे शिवथेरियमची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, 'चार शिंगांचा जिराफ' म्हणून पाटी लावलेली.

गेले कशाने याचं एका वाक्यात उत्तर नाही. हवा कोरडी होत गेली, जंगलं फाटत जाऊन गवताळ माळ पसरले, पाला खाणाऱ्यांची पंचाईत झाली आणि गवत खाणाऱ्या गाई-हरणांच्या कुळांची चलती झाली. शिवथेरियमने गवतही खाऊन बघितलं असं त्याच्या दातांवरून दिसतं, आफ्रिकेतला बराच उशिरापर्यंत टिकला.

---

बार्देसकार

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन म्हैसूरला चाललोय. रवंथाचा गोळा बघायचं ठरलंच. आणखी काय दाखवू? आणि नर कुठला, मादी कुठली हे लांबून कसं ओळखायचं?

---

रानवाट_सत्तरी

शिंगांच्या टोकांवरून. मादीची शिंगं बारीक आणि टोकाला काळ्या केसांचा झुपका. मोठ्या नराची जाड, आणि झुंजून झुंजून वरचे केस गेलेले, टोक टकलू. नराच्या कपाळावर मधोमध उंचवटाही दिसेल, वयाबरोबर कवटीवर हाडाचे थर चढत जातात आणि डोकं दरवर्षी जड होतं.

चाल बघायला सांगा : एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास एकदम पुढे पडतात. पाय लांब आणि धड आखूड, आळीपाळीने टाकले तर एकमेकांत अडकतील. पळायला लागला की चाल बदलते. पिल्लू असेल तर नातवंडांना शेजारी उभं करून अंदाज घ्या, जन्मतानाच ते सुमारे पावणेदोन-एक मीटरचं असतं, आणि आई उभ्यानेच वीत असल्यामुळे दोन मीटरवरून जमिनीवर पडतं. तासाभरात उठून दूध प्यायला लागतं.

सकाळी दार उघडल्या उघडल्या जा. पाला तेव्हा बांधतात, जिभेचं काम बघायला मिळेल. दुपारी ते सावलीत उभे राहतात आणि कितीही हाका मारा, ढुंकून बघत नाहीत.